मोडल्या घरांचे वासे

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपली म्हण सांगते. पण घरच मोडले, तर त्या वाशांचे काय होते? वसईच्या ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न नवा नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावरील मंदिरांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. वसईचे मनोरे ढासळले. नाद मात्र परक्या अंगणात उरला.

मोडलेल्यातून नवे घडविण्याची आधुनिक कथा चंदीगढची. ते आखीव नगर वसविण्यासाठी अनेक खेडी उठविण्यात आली. फाळणीत स्वतःचे गाव गमावलेले नेकचंद सैनी तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी त्या खेड्यांच्या ढिगाऱ्यांतील फुटक्या फरशा, कपबश्या, बांगड्या सायकलवरून वाहून जंगलात नेल्या आणि गुपचूप माणसे, पशू, पक्षी घडविले. सरकारी जमिनीवरील हे काम उघडकीस आले तेव्हा ते पाडले जाणार, अशीच चिन्हे होती. परंतु लोकांनी ते उचलून धरले आणि १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' सर्वांसाठी खुले झाले. १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते निवर्तले.

मुंबईचे शिल्पकार सुदर्शन शेट्टी यांनी हाच धागा वेगळ्या रीतीने पुढे नेला. २०१६ मध्ये दिल्लीत मांडलेल्या 'शून्य घर' या कलाकृतीत त्यांनी जुन्या लाकडातून कमानी व खांब उभे केले. राहणारा कोणी नाही, तरी वास्तू उभी आहे. हे पाहताना मन अंतर्मुख होते.

नवी मुंबईही चंदीगढसारखीच आखलेली नगरी. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर शहर उभे राहिले. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्या गावांतील घरांचे उंबरे, कौले, चौकटी कोठे गेल्या? वाशीत सिडकोच्या जुन्या इमारतीही आता पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. त्यांच्या दारांवर एका पिढीच्या मुलांची उंची पेन्सिलीने नोंदली गेली असेल. भंगाराच्या तराजूत त्या रेघांना वजन नसते.

बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचा महिमा आपण उपासनेत वारंवार ऐकतो. तो केवळ ऐकण्यासाठी नाही. उठलेल्या प्रत्येक गावाचा निदान एक उंबरा जरी नगरीच्या चौकात शिल्परूपाने उभा राहिला, तरी ही जमीन रिकामी नव्हती, एवढे पुढच्या पिढीला कळेल. विस्थापितांच्या ऋणाची फेड त्याने होणार नाही. पण ऋण विसरले जाणार नाही.