तंजावरच्या दरबारातील ख्रिस्ती चित्र

युरोपातील प्रबोधनकालीन बायबल-चित्रे हिंदुस्थानात पसरली ती मुख्यतः उत्कीर्णचित्रांच्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उठविलेल्या चित्रांच्या रूपाने. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत आणि जहाजातील पेटीत त्या सहज मावत. १५७९ साली गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी पुढील वर्षी फत्तेपूर सिक्री येथे अकबरास अँटवर्पचे बहुभाषी बायबल अर्पण केले. त्यातील उत्कीर्ण चित्रे मोगल चित्रकारांच्या हाती पडली. १६०० साली तेरा वर्षांच्या अबुल हसनने ड्यूररच्या १५११ मधील क्रूसचित्रातून शोकाकुल योहान तेवढा उचलला. क्रूस त्याने घेतला नाही. आकृती स्वीकारली, कथा मागे राहिली.

दोन शतकांनंतर तंजावरच्या मराठी दरबारात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि येथे तर पाद्री केवळ पाहुणा नव्हता. तुळजाराजांनी १७८७ साली दत्तक घेतलेल्या सरफोजींचे पालन व शिक्षण लूथरपंथी श्वार्त्सच्या देखरेखीखाली झाले. अशा शिष्याच्या दरबारी बायबल-चित्रांच्या अनुकृतींना ऊत यावा, अशी अपेक्षा कोणीही करील. परंतु तंजावरचा चित्रकार सोन्याच्या वर्खाचा बाळकृष्णच रंगवीत राहिला. सरफोजींनी पाश्चात्त्य चित्राकडे पाहिले ते ज्ञानाचे साधन म्हणून. मानवी मुखे व पशुमुखे यांचे साम्य दाखविणारी ल ब्रंची चित्रे सरस्वती महालात आहेत. नेत्ररोग्यांच्या नोंदींना डोळ्यांची चित्रे जोडलेली आहेत. १८०६ साली त्यांच्या मुद्रणालयातून ‘बाळबोध मुक्तावली’ निघाली, तीही इसापाच्या नीतिकथांची. पाद्र्याच्या शिष्याची ही निवड बोलकी आहे.

तथापि येथेच थांबल्यास निष्कर्ष एकांगी ठरेल. १७९८ साली श्वार्त्स वारला. सरफोजींनी त्याचे स्मारक लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरात घडवून घेतले. फ्लॅक्समन हा रेषेचा शिल्पकार. होमरच्या काव्यांवरील त्याची रेखाचित्रे पिरोलीने १७९३ साली उत्कीर्ण केली होती. शिवगंगेजवळच्या चर्चमधील या शिल्पात श्वार्त्स मृत्युशय्येवर आहे, उशाशी गेरिके उभा आहे, शाळेतील मुले जवळ आहेत, आणि सरफोजी मरणोन्मुख गुरूचा हात हाती घेऊन आहेत. ही मांडणी नवी नव्हे. शय्या, भोवती शिष्य, अखेरचा निरोप, हा बंध शोंगाउअर आणि ड्यूरर यांनी मरियेच्या मृत्यूच्या चित्रांत रूढ केला. (तो प्रसंग बायबलात नाही, हे चित्रकारांनी कधी फारसे मनावर घेतले नाही.) मरणशय्येवरून आशीर्वाद देणारा याकोबही युरोपीय प्रेक्षकाला येथे आठवावा.

अबुल हसनने ख्रिस्ती चित्रातून एक व्यक्ती बाहेर काढली. सरफोजी त्या चित्राच्या आत जाऊन उभे राहिले, धर्म न सोडता. हे केवळ राजकीय सौजन्य मानणे पुरेसे नाही. कंपनी सरकारला खूश करण्यासाठी एखादी संगमरवरी शिला पुरली असती, गुरूचा हात धरलेला शिष्य कोरवून घेण्याचे कारण नव्हते. याला अनुकरण म्हणता येत नाही, धर्मांतर तर नाहीच. परक्या चित्रभाषेत आपला शोक व्यक्त करण्याचे हे धैर्य आहे, आणि त्या धैर्याची नोंद आपल्या कलासमीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

श्वार्त्सच्या समाधिशिलेवरील पद्य सरफोजींनी स्वतः इंग्रजीत रचले. त्याच राजाने १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास दगडावर कोरविला, तो मराठीत.