गंगाराम तांबट आणि वेरूळची चित्रे

श्रोतेहो, वेरूळ आपल्या शहरापासून अवघे ३० किलोमीटर. कैलास लेणे पाहिले नाही असा माणूस या सभेत विरळा. परंतु दोनशे वर्षांपूर्वी ही लेणी कागदावर उतरवणाऱ्या मराठी कारागिराचे नाव विचारले, तर किती हात वर होतील?

त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट, राहणार पुणे. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ साली आला. त्याने गंगारामला हाताशी धरले. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा गंगारामने १७९० साली चितारला. पुढे वेरूळची लेणी रेखाटली. १७९१ साली जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईस आला. त्यानेही वेरूळची चित्रे केली व १७९५ साली तो वारला.

मॅलेटचा वेरूळवरील लेख १७९९ साली कोरीव चित्रांसह छापला गेला. त्या चित्रांना गंगारामच्या रेखाटनांचा आधार होता. १८०३ साली लंडनला थॉमस डॅनियलने वेरूळच्या २४ चित्रांचा संग्रह काढला. मुखपृष्ठावर नावे दोन : वेल्स आणि डॅनियल.

त्याच १७९९ साली स्पेनमध्ये गोया या चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली ८० चित्रे प्रसिद्ध केली. धर्माधिकारी आणि सरदार यांची त्यांत चांगलीच हजेरी घेतली होती. पहिल्याच चित्रात त्याने स्वतःचा चेहरा कोरला आणि खाली नाव घातले. गोया राजाचा चित्रकार होता. त्याला ते साधले. आमचा गंगाराम दुसऱ्याच्या पदरी होता.

तांब्याची आणखी एक हकीकत आहे. मॅलेटच्या पदरी खोदकाम शिकलेल्या एका तांबटाकडून नाना फडणवीस गीता छापवणार होते. १८०० साली नाना वारले. तो कारागीर मिरजेस गेला, आणि पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तांब्याच्या ठशांवरून गीता छापली गेली. ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हा कागदावर सुलटे उमटते. ती सारी मेहनत त्याची. छापवून घेणाऱ्याचे नाव मात्र सर्वांना ठाऊक.

आम्ही कामगारांत आयुष्य घालवले. हजेरीपटावर नाव नसेल, तर मजुरी मागायची कोणत्या तोंडाने? इतिहासाच्या हजेरीपटालाही हाच न्याय लागू आहे. गंगारामची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांच्या छायाप्रती वेरूळला लागाव्यात, आणि खाली 'गंगाराम तांबट' ही अक्षरे ठळक असावीत, एवढी मागणी आपण सर्वांनी मिळून करू या.