एका रेल्वे स्थानकाच्या नावाची संख्या

वसईकर वाचकांना डहाणू परके नाही. त्या डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी मात्र आपल्या लाडक्या संख्यांना नाव दिले ते मध्य रेल्वेवरील एका स्थानकाचे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील डोंबिवलीला जी.आय.पी. रेल्वेच्या काळात 'डेम्लो' म्हणत. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना तेथे सुचली आणि १९३८ साली 'अद्भुत डेम्लो संख्या' गणिताच्या नियतकालिकात अवतरल्या.

त्यांतील सर्वांत देखणी संख्या सतरा अंकी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच राहते. एक हा अंक सलग नऊ वेळा लिहून येणाऱ्या संख्येचा हा वर्ग. यात जादू काही नाही. पाटीवर गुणाकार मांडला की नऊ ओळी एकेक घर सरकत एकाखाली एक येतात. उभ्या बेरजा एकापासून नऊपर्यंत चढतात आणि पुन्हा एकापर्यंत उतरतात. कोठेही हातचा येत नाही. दहा एकांचा वर्ग केला की मधली बेरीज दहा होते, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या हाती येते. चढणीवरचा आठ नाहीसा झालेला, शिखरावर दोन शून्ये!

इतके सोपे कारण असल्यामुळेच विद्वानांनी कापरेकरांच्या कामाला अंकांचा खेळ मानले असावे. ठाण्यात शालेय शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ साली पदवी. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले. पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा शिकवण्या धरल्या. १९४९ साली त्यांनी मांडलेला ६१७४ हा स्थिरांक जगभर पोहोचला तो १९७५ च्या मार्चमध्ये, अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर. तोवर ते सत्तरीचे झाले होते. १९८६ साली ते गेले. हा उशीर मला त्या हातच्यापेक्षा अधिक बोचतो.

आपल्या सतरा अंकी संख्येत त्यांच्या इतर शोधांचीही वस्ती आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हणत. सगळ्या डेम्लो संख्या काही हर्षद नसतात; १२१ ला ४ ने भाग जात नाही.

तिचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. पहिला चार वेळा, उरलेले दोन-दोन वेळा येतात. त्यावरून तिचे एकूण विभाजक मोजले, तर ते भरतात ४५. या ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना गणितज्ञ 'कापरेकर संख्या' म्हणतात.