घाटाखालचा मिस्त्री

कार्तिक महिन्यात साजगावच्या यात्रेला आपण कधी गेला असाल, तर दोन राशी आपल्या ध्यानात राहिल्या असतील. एक सुक्या मासळीची आणि दुसरी घोंगड्यांची. मासळी खालची, कोकणातली. घोंगडी वरची, देशावरची. खोपोलीला लागून असलेल्या या गावात, बोर घाटाच्या पायथ्याशी, खालचा माल आणि वरचा माल एकमेकांना भेटतात. इथल्या बोंबल्या विठोबाची जी कथा सांगतात, तीही व्यापाराचीच आहे. तुकोबा मिरच्यांचे ओझे घेऊन घाट उतरले, गिऱ्हाइकांनी पैसे बुडवले, तेव्हा त्यांनी विठोबाच्या नावाने बोंब मारली आणि देव वसुलीला धावून आला! कथा खरी की खोटी, या वादात आपण पडू नये. घाट उतरून आलेला माणूस पायथ्याशी अडतो आणि त्याची अडचण तिथेच कोणीतरी निवारावी लागते, हे मात्र या जागेचे फार जुने वास्तव आहे.

आज ज्या माणसाची हकीकत सांगायची, तो ही अडचण निवारणारा मोटारीचा मिस्त्री. कंपनीच्या पाटीखाली नोकरी करणारा नव्हे, तर स्वतःच्या पत्र्याच्या छपराखाली, स्वतःच्या पान्यांनी, मोडलेला भाग दुरुस्त करणारा. असा मिस्त्री आता दुर्मिळ होत चालला आहे. त्याचा धंदा का उभा राहिला आणि का बसला, हे समजायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

घाट चढण्यापूर्वी खोपोलीला थांबायचे, ही चाल मोटारींच्या कितीतरी आधीची. नाना फडणविसांनी इथे तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले, ते काही उगीच नव्हे. १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफा चढतील इतपत हा घाट सुधारला. मग १० नोव्हेंबर १८३० रोजी, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, चाकाच्या गाड्यांना हा रस्ता खुला झाला. ज्या रस्त्यावरून चाक जाते, तिथे लोहार, सुतार आणि नालबंद यांना काम मिळायचेच. धाव निसटली, आरा मोडला, बैलाचा नाल गेला, की पायथ्याशी थांबणे आले.

१८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोचली, १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी सुरू झाली, पण मधला घाट मात्र रस्त्यानेच चढावा लागे. ही पाच वर्षे म्हणजे घाटाखालच्या कारागिरांची चंगळच म्हणायची! मग १४ मे १८६३ रोजी रेल्वे घाट चढून गेली. खोपोलीचा फाटा बाजूला पडला आणि रस्त्यावरचा धंदा एकदम ओसरला. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण जिला आजची गोष्ट समजतो ती या गावात एकदा घडून गेलेली आहे.

रस्त्याला पुन्हा जीव आला तो मोटारीने. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जुळवून गाड्या उभ्या करायला सुरुवात केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या फोर्ड, शेव्हर्ले, डॉज ट्रका विक्रीला निघाल्या आणि त्यांतल्या कितीतरी मालवाहतुकीला लागल्या. इथपर्यंत सारे ठीक होते. पण १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना इथे गाडी खरोखर बनवायची नाही, नुसती जुळवायची आहे, त्यांना देशात थारा देऊ नये. शिफारस देशहिताची होती, यात शंका नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपले इथले कारखाने बंद केले. कंपन्या गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. या गाड्यांना आता सुटे भाग आणायचे कुठून?

वाचकहो, गॅरेजच्या मिस्त्रीचे राज्य या प्रश्नातून सुरू झाले. भाग मिळत नाही, तेव्हा आहे तो भाग दुरुस्त करणे भागच! देशात पुढे गाड्या होऊ लागल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला फियाट काढली. (याच वालचंदांनी त्याआधी रेल्वेसाठी बोर घाटातले बोगदे खोदण्याचे काम केले होते. या माणसाचा आणि या घाटाचा ऋणानुबंधच म्हणायचा.) १९५४ मध्ये टाटांनी जर्मन डेमलर-बेंझच्या साह्याने ट्रक काढला. पण आयातीवर निर्बंध, परवाने आणि लांबच लांब प्रतीक्षायाद्या, असा तो काळ. नवी गाडी मिळायला वर्षे लागत, म्हणून जुनी गाडी वर्षानुवर्षे चालवावी लागे. टंचाई गिऱ्हाइकाच्या जिवावर येई आणि मिस्त्रीचे घर तिच्यावर चाले.

त्यात पुन्हा हा घाट! खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत काही मैलांत रस्ता सुमारे ५०० मीटर वर चढतो. भरलेला ट्रक चढताना पाणी उकळते, क्लचप्लेट जळते, हापसाफ्ट तुटतो. उतरताना ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे, हा ड्रायव्हरांचा जुना नियम. तेल वाचवायला ज्याने गाडी न्यूट्रल केली, त्याने जीव टांगणीला लावला. शिंग्रोबाच्या देवळापुढे ड्रायव्हर नाणे का टाकतात, हे घाट उतरताना आपोआप कळते.

आता अशा एखाद्या गॅरेजात आपण शिरू. अंगणात वंगणाने काळी झालेली माती, कोपऱ्यात भाता, भिंतीला टांगलेली जुनी पॅकिंगे. आत लेथ असेल तर ते गॅरेज मोठे समजायचे. इंजिनात आवाज येतो आहे. मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि म्हणतो, "बेअरिंग बोलतंय." पॅकिंग फाटले आहे आणि नवे मिळत नाही. तो जाड कागद त्या भागावर ठेवतो, हातोडीने कडेकडेने हलके ठोके देतो. लोखंडाची धार कागद कापत जाते आणि पाच मिनिटांत बिनचूक मापाचे पॅकिंग हातात येते. ब्रेकचे जुने लायनर छिन्नीने काढून नवे रिव्हेटांनी ठोकायचे, गळक्या रेडिएटरला डाख द्यायचा, डायनामोचे आर्मेचर तारेने पुन्हा गुंडाळायचे, झिजलेल्या बेअरिंगवर धातू ओतून तो घासून मापाला आणायचा, अशी ही कामे. यासाठी मिस्त्रीकडे छापील पुस्तक नसे. उस्तादाच्या शिव्या खाऊन, दिवा धरून, पाने पुसून पोऱ्या हे शिकत असे.

जो भाग खरोखर होण्यासारखा नसे, त्यासाठी क्लिनरला मुंबईला ऑपेरा हाऊसला नाही तर पुण्याला नाना पेठेत पिटाळायचे. मोडक्या गाड्यांचे भाग हवे असतील तर कुर्ल्याचे भंगार होतेच. तोवर ड्रायव्हर गाडीखाली गोधडी टाकून निजे.

सगळ्यांत देखणे काम कमानपाट्यांचे. ट्रकचा मोडलेला पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून त्याला पुन्हा बाक द्यायचा आणि पाणी चढवण्यासाठी तेलात बुडवायचा. हे काम म्हणजे बैलगाडीची धाव बसवणाऱ्या लोहाराच्याच विद्येची पुढची पायरी. आणि पाटा अगदीच कामातून गेला तरी वाया जात नसे. त्या पोलादाचे कोयते आणि कुऱ्हाडी होतात, आणि त्या धार चांगली धरतात.

हे सारे बसले कसे? १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. १९९१ नंतर बाजार खुला झाला, भाग मुबलक झाले. मोडलेला भाग दुरुस्त करायला दिवस आणि बदलायला तास, असा हिशेब झाल्यावर दुरुस्ती मागे पडली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण खुला झाला आणि पायथ्याला थांबण्याची गरज उरली नाही. १८६३ ची गोष्ट पुन्हा घडली. कुर्ल्याच्या फियाटचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली आणि तिच्याबरोबर त्या गाडीवर हात बसलेल्या मिस्त्र्यांचे कामही संपले.

शेवटचा घाव मात्र वेगळाच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा मानके लागू झाली. इंजिनाचा धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण आता इंजिनाचा कारभार एका बंद पेटीतला संगणक पाहतो. दुखणे काय आहे ते पेचकसाला ऐकू येत नाही. ते कंपनीच्या यंत्राला कळते, आणि ते यंत्र कंपनी बाहेर देत नाही. हात आहे, अक्कल आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

हे केवळ गॅरेजवाल्याचे रडगाणे नव्हे. एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने याची चौकशी केली. सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे स्वतंत्र मिस्त्र्यांना मिळू न देणे हे कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिला आणि १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. कंपन्या वरच्या दारी दाद मागायला गेल्या आणि प्रकरण लांबत गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिने पाहायच्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल फोन यांच्याबरोबर मोटारीही आहेत.

जुन्या गॅरेजचे गोडवे मात्र मी सरसकट गाणार नाही. पोरवयाची मुले तिथे शाळा सोडून राबत. ब्रेकच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ तोंडाने फुंकून उडवण्याची रीत होती. ती धूळ फुप्फुसात बसते, हे कोण सांगणार? नकली भाग अस्सल डब्यात घालून विकणारेही होते, आणि असा ब्रेक घाटात दगा देई तेव्हा शिंग्रोबाचाही इलाज चालत नसे. कंपन्या आज जी सुरक्षिततेची सबब पुढे करतात, तिला इथून बळ मिळते. ती सगळीच खोटी आहे असे नाही. पण वाईट मिस्त्रीला आवरायचे सोडून चांगल्याचेही हात बांधायचे, हा कुठला न्याय? शिवाय दुरुस्ती एकाच दारात होऊ लागली की भाव त्या दाराचाच. वॉरंटी संपलेल्या, हप्ते अजून न फिटलेल्या टेम्पोच्या मालकाला हे विचारून पाहा.

महामार्गांच्या कडेला आज कोणाचे चालते म्हणाल, तर टायरवाल्याचे, कमानपाटेवाल्याचे आणि वेल्डिंगवाल्याचे. बाक गेलेल्या पाट्याला संगणक विचारावा लागत नाही. तिथे अजूनही भाता फुलतो, दोघे जण आळीपाळीने घण घालतात, आणि पाटा निवेपर्यंत ड्रायव्हर पलीकडच्या टपरीवर चहा घेतो.