अर्धा रत्तल

आमच्या देवळात साक्ष द्यायला उठलेलं माणूस हमखास तारीख सांगे. अमुक रविवारी प्रार्थना केली, सोमवारी ताप उतरला. आजी मात्र साक्षीला कधी उठली नाही. फारच आग्रह झाला तर म्हणे, “माझ्या बरं होण्याला तारीख नाही. वजन आहे फक्त.”

१९४६ साली, एकोणिसाव्या वर्षी तिला क्षयानं गाठलं. नगरहून पुण्याला आणि तिथून मीटरगेजच्या गाडीनं मिरजेला नेलं. डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये मिशनतर्फे भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. पुढे त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं. आजी तिथं पोचली तेव्हा डॉक्टरांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

उपचार म्हणजे उघड्या व्हरांड्यातली खाट, दूध, अंडी आणि नुसतं पडून राहणं. संध्याकाळी थर्मामीटर, आठवड्याला वजन. अर्धा रत्तल वाढलं की सण, पुढच्या आठवड्यात पाव रत्तल उतरलं की सुतक. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्येच अमेरिकेत सापडलं होतं. औषध जगात होतं, आजीच्या खाटेपर्यंत आलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची मुलगी होती. दोघींत एक गीतांचं पुस्तक. थर्मामीटर निघाला की आधी एकमेकींचा आकडा विचारायच्या. दूध तेच, हवा तीच, प्रार्थनाही तीच. आजीचं वजन चढत गेलं, तिचं उतरत गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात ती खाट रिकामी झाली.

आजी घरी परतली तेव्हा पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, “देवानं तुला काही कामासाठी राखलं, बाई.”

“मग तिच्यासाठी काहीच काम नव्हतं का?”

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि प्रार्थना करून ते निघाले.

येशूनं तुला एकदम का नाही गं बरं केलं, असं आम्ही मुलं विचारायचो. मग ती मार्काचा आठवा अध्याय काढे. बेथसैदाच्या आंधळ्यावर येशूनं हात ठेवले, तर त्याला माणसं दिसली ती चालत्या झाडांसारखी. दुसऱ्यांदा हात ठेवले तेव्हा कुठं सगळं स्पष्ट झालं. “मधल्या वेळात तो उठून गेला नाही,” आजी म्हणे, “आणि खोटंही बोलला नाही. दिसलं तेवढंच सांगितलं.”

रात्रीच्या प्रार्थनेत नातवंडांची नावं संपली की ती त्या मुलीचं नाव घेई. काकांनी एकदा हळूच सुचवलं, “आई, गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आपली रीत नाही.”

“प्रार्थना कुठं करतेय? विचारतेय,” आजी म्हणाली. मग जरा थांबली, आणि आमेन म्हणाली.