प्रत्यवसित : आत्मघाताच्या वाटेवरून परतलेल्या माणसाची नोंद

१

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना कावेरीच्या खोऱ्यात पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकापासून १८५५ पर्यंत हा प्रदेश तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. गावातील रामलिंगस्वामींचे मंदिर तेथील १०८ शिवलिंगांसाठी प्रसिद्ध आहे. युद्धातील वधाचा दोष फेडण्यासाठी रामाने येथे लिंगस्थापना केली, अशी स्थलकथा आहे. गावाच्या नावातच पाप फिटते, माणूस पुन्हा शुद्ध होऊन घरी परततो, असे आश्वासन आहे.

स्थलकथेतील वध परक्याचा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय स्वतःवरच हात उगारलेल्या आणि तरीही जिवंत राहिलेल्या माणसाचा आहे. आत्मघाताच्या वाङ्मयीन अभ्यासात मृतांकडे पुष्कळ लक्ष गेले आहे. परतलेला माणूस मात्र बहुधा दृष्टीआड राहिला. आजचे वैद्यक तर सांगते की पुढील धोक्याचा सर्वांत बळकट सूचक म्हणजे पूर्वी घडलेला प्रयत्न. म्हणजे ज्याच्याविषयी आपण सर्वांत कमी लिहिले, त्याच्याविषयीच सर्वांत अधिक जाणून घेणे निकडीचे आहे. धर्मशास्त्र, दंडविधान आणि रुग्णनोंद या तीन लेखनप्रकारांनी या माणसाला कोणते स्थान दिले, याची तुलना येथे करावयाची आहे.

२

दक्षिणेत प्रमाण मानल्या गेलेल्या पराशरस्मृतीवर चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवाचार्यांनी विस्तृत भाष्य लिहिले. या स्मृतीचा चौथा अध्याय स्वतःचा जीव घेणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या विचारानेच सुरू होतो. निषेध आणि नरकवास तेथे अपेक्षितच आहेत. मात्र त्याआधी स्मृतिकार कारणे सांगतो : अतिमान, अतिक्रोध, स्नेह आणि भय. आजच्या परिभाषेत याला जोखीमघटकांची यादी म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल. तरीही दुखावलेला मान, अनावर संताप, तुटलेले नाते आणि धास्ती हे चार शब्द कोणाही समुपदेशकाला अनोळखी वाटणार नाहीत. कर्ज, व्यसन, जुनाट दुखणे, घरातील मारहाण, नैराश्याचा आजार हे घटक पुढे अभ्यासाने जोडले गेले. यांपैकी कोणताही घटक एकटा पुरेसा नसतो, हेही त्याच अभ्यासाने दाखविले.

कारणे ओळखूनही स्मृतीने मृताच्या घरच्यांना सवलत दिली नाही. अशा मृत्यूचे सुतक पाळू नये, अश्रू ढाळू नयेत, असा तिचा निर्देश आहे. पुढील निबंधकारांनी वर्षानंतर नारायणबली करून और्ध्वदेहिकाचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात त्र्यंबकेश्वर येथे हा विधी आजही होतो. विधीच्या फलाविषयी मत देणे हे या लेखाचे काम नाही. शोकाला बंदी घातलेल्या घराला शोकाची जागा कशी तरी द्यावी लागली, एवढे त्यातून दिसते. आप्ताच्या आत्महत्येचा आघात हाही मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने एक जोखीमघटक आहे, हे आज मान्य झाले असल्याने या तडजोडीला वेगळे महत्त्व येते.

३

परतलेल्या माणसासाठी धर्मशास्त्राजवळ स्वतंत्र संज्ञा होती : प्रत्यवसित. यमाच्या नावावर चालणाऱ्या स्मृतिवचनांत अशांचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत मरण्याचा प्रयत्न करून वाचलेले आहेत. अनशन अर्धवट सोडलेला आहे. आणि प्रव्रज्या घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेला संन्यासीही आहे. संन्यासी आणि आत्मघातातून वाचलेला एका रांगेत का, हा प्रश्न वाचकाला थांबवतो. दोघांनीही समाजाची वेस ओलांडली होती आणि दोघेही माघारी आले होते, हे त्याचे उत्तर दिसते. दोष हेतूचा राहिला नसून परतण्याचा झाला आहे. हे सर्वजण लोकांतून बहिष्कृत, असे वचन सांगते. आणि लगेच चांद्रायणाने किंवा दोन तप्तकृच्छ्रांनी ते शुद्ध होतात, असेही सांगते.

चांद्रायण म्हणजे चंद्रकलेप्रमाणे घास वाढवीत आणि कमी करीत महिनाभर पाळावयाचे व्रत. त्याला उपचार समजू नये. पण बहिष्काराला मुदत होती आणि मुदतीनंतर पंगतीत जागा होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मशास्त्रेतिहासाच्या चौथ्या खंडात पातके आणि प्रायश्चित्ते यांचे विवेचन केले आहे. प्रायश्चित्तांचा तो विशाल पसारा पाहिला म्हणजे परतीच्या वाटेवर या शास्त्राने किती श्रम घेतले, हे ध्यानी येते.

हेच शास्त्र स्त्रीच्या बाबतीत किती निराळे बोलते, हे पाहण्यासाठी तंजावर सोडावे लागत नाही. भोसल्यांच्या दरबारातील त्र्यंबकयज्वन् यांनी अठराव्या शतकात स्त्रीधर्मपद्धती हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्युलिया लेस्ली यांनी १९८९ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सहगमनाचा पुरस्कार करणारे प्रकरण त्यात आहे. जो मृत्यू इतरांसाठी पाप, तोच येथे पुण्य होतो. निबंधपरंपरेत 'चितिभ्रष्टा', म्हणजे सहगमनास निघून मागे फिरलेली स्त्री, हीही संज्ञा आढळते आणि तिला प्राजापत्य हे बारा दिवसांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. ग्रंथातील दार असे उघडे होते. पण जमलेला समुदाय, आप्तांचा दबाव आणि वैधव्यातील जिण्याची भीती यांपुढे ग्रंथातल्या बारा दिवसांचा आधार किती स्त्रियांना घेता आला असेल? मद्रास इलाख्यात १८३० च्या कायद्याने ही प्रथा दंडनीय ठरली. इच्छा आणि सक्ती यांतील रेघ किती पुसट असते, हा या इतिहासाचा धडा आजच्या आत्महत्याविचारालाही लागू आहे.

४

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने ३०९ व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला. मृत माणूस कायद्याच्या हाती लागत नाही. म्हणून शिक्षा केवळ वाचलेल्याला. प्रत्यवसिताची संज्ञा गेली आणि आरोपीची आली. शुद्धीची मुदत गेली आणि गुन्ह्याची नोंद आली. या नोंदीच्या भीतीने कुटुंबे प्रयत्नाला अपघात म्हणू लागली आणि जी गोष्ट डॉक्टरला कळायला हवी तीच लपू लागली.

या कलमाला पहिले मोठे आव्हान महाराष्ट्रात मिळाले. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ११५ वे कलम मात्र निराळी भाषा बोलते. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, आणि प्रयत्नाची पुनरावृत्ती होण्याचा धोका कमी व्हावा यासाठी शासनाने तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करावे, असे ते सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ व्या कलमाची सर्वसाधारण तरतूद उरली नाही. लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्याच्या किंवा त्याला भाग पाडण्याच्या हेतूने केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय राहिला. परतीची वाट पुन्हा लेखी झाली. या वेळी ती चालण्याचा भार परतलेल्यावर नसून शासनावर आहे.

५

तिसरा लेखनप्रकार रुग्णनोंदीचा. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन केल्या आहेत. विषय डोळ्यांचा असला तरी लेखनाची जात पाहण्यासारखी आहे. येथे माणूस पापी नाही, आरोपी नाही. त्याची तक्रार काय, काय केले आणि पुढे काय झाले, एवढेच विचारले आहे. यातील शेवटचा प्रश्न स्मृतीने आणि दंडसंहितेने कधी विचारला नव्हता.

आत्मघातातून वाचलेल्यांविषयी तो प्रश्न विचारणाऱ्या एका प्रयोगाशी तमिळनाडूचा थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेल्या या अभ्यासाचे भारतातील केंद्र चेन्नई होते. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण १८६७ व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांशी रुग्णालय सोडताना तासभर बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा फोनने किंवा भेटीने त्यांची विचारपूस झाली. त्या मुदतीत आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के आढळले. प्रयत्नांच्या पुनरावृत्तीचे एकूण प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखे राहिले. हा विसंवाद लपविण्याचे कारण नाही. मृत्यू टाळणे आणि वेदना संपविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहता, स्वतःस इजा केल्यामुळे रुग्णालयात आलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के व्यक्तींकडून वर्षभरात पुन्हा तसे घडते. त्याच अभ्यासांचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे : यांतील बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पहिला प्रयत्न हा भविष्याचा लेख नव्हे. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने नाजूक असतात. त्या काळात कोणी सोबत असणे, मूळ आजारावर उपचार चालू राहणे आणि घातक वस्तू सहज हाती न येणे, या तिन्हींचा उपयोग होतो.

शेवटच्या मुद्द्याचे उदाहरण पापनाशमपासून फार दूर नाही. कोल्लिडम नदीपलीकडील कडलूर जिल्ह्यात, काट्टुमन्नारकोविल तालुक्यातील गावांत, शेतीची कीटकनाशके घरात न ठेवता सामायिक, कुलूपबंद जागी ठेवण्याचा प्रयोग झाला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पापनाशमजवळच्या तिरुप्पालैत्तुरै येथे नायककाळातील भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. जगण्यासाठी लागणारे सामायिकपणे राखण्याची रीत या प्रदेशाला नवी नाही. जिवावर उठणारे सामायिकपणे राखणे ही तिचीच दुसरी बाजू होय.

६

मराठीत 'जिवाचे बरेवाईट करणे' असा प्रयोग आहे. त्यात 'बरे' हा शब्द निव्वळ संकोचापोटी आला असेल. परतलेल्या माणसासाठी मात्र बोलीत वेगळे नाव नाही. तो 'वाचला', ती 'वाचली', एवढेच आपण म्हणतो आणि विषय बदलतो. प्रत्यवसित ही संज्ञा पुन्हा रूढ करावी असे येथे सुचवावयाचे नाही. तिला बहिष्काराचा वास आहे. तिने दाखविलेली जागा मात्र राखून ठेवली पाहिजे. स्मृतीने त्या जागी प्रायश्चित्त ठेवले आणि दंडसंहितेने कैद ठेवली. चेन्नईच्या प्रयोगाने तेथे एक साधा प्रश्न ठेवला : आता कसे आहात? २०२२ पासून टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर संकटात सापडलेल्या कोणालाही बोलता येते. त्या संभाषणाची भाषा कोणती असावी, कोणत्या शब्दाने माणूस मिटतो आणि कोणत्या शब्दाने बोलता होतो, हे सांगण्याचे काम केवळ वैद्यकाचे नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकानेही त्यातील आपला वाटा उचलला पाहिजे.