लिनक्ससाठी कॅमकॉर्डर घेताय? आधी या ४ गोष्टी तपासा

कॅमकॉर्डरसोबतचं सॉफ्टवेअर बहुतेकदा विंडोज आणि मॅकपुरतंच असतं. पण योग्य मॉडेल निवडलं, तर लिनक्सवर त्या सॉफ्टवेअरची गरजच पडत नाही.

१. मेमरी: एसडी कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा घ्या. कार्ड रीडरमध्ये घातलं की फाइल्स पेनड्राइव्हसारख्या कॉपी होतात. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट फॉरमॅटची असतात. त्यासाठी लिनक्स कर्नल ५.७ (२०२०) किंवा त्यानंतरचा असावा.

२. फॉरमॅट: एमपी४ आणि एव्हीसीएचडी, दोन्ही व्हीएलसीमध्ये चालतात आणि केडेनलाइव्हमध्ये एडिट होतात.

३. लाइव्ह: यूएसबीवरून वेबकॅमसारखा वापरायचाय? मग कॅमेरा ‘यूव्हीसी’ आहे ना, हे पाहा. त्याचा ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्येच आहे. यूव्हीसी नसेल, तर एचडीएमआय कॅप्चर कार्डचा खर्च वेगळा धरा.

४. टेप: जुना मिनीडीव्ही कॅमेरा स्वस्तात मिळाला तरी त्याला फायरवायर पोर्ट लागतो. नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतो. शिवाय तासाभराची टेप उतरवायला तासभरच लागतो.

शक्य असेल तर दुकानात आपला लॅपटॉप न्या. मिनिटभर शूट करा, फाइल कॉपी करा, आवाज तपासा. लग्न किंवा बारसं पुन्हा शूट करता येत नाही!